खाप्याहून मूळ

नागपूरहून परत आल्यापासून जो भेटेल तो एकच विचारतो, संत्री आणली का? आणली होती. चांगली करंडीभर आणली होती, आणि मनमाडला गाडी बदलताना हमालानं ती अशी काही आपटली की नगर येईपर्यंत निम्म्यांचा रस निघून गेला होता. उरलेली शेजारीपाजारी वाटली. तेव्हा संत्र्यांचा विषय इथंच संपवते. मला सांगायचंय ते निराळंच आहे, आणि आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायकांना ते तोंडी सांगता सांगता माझा घसा बसला, म्हणून आता लिहूनच काढते.

मी मनोरमा. नगरला मुलींच्या शाळेत मराठी शिकवते. व्याकरण माझा आवडीचा विषय, आणि विद्यार्थिनींचा नावडीचा. माझी धाकटी बहीण सुमन नर्स आहे. नागपूरजवळ महारोग्यांसाठी एक मिशनचा आश्रम आहे, तिथं ती कित्येक वर्षं आहे. लग्न केलं नाही. दर पत्रात ‘आक्का, ये’ असायचं, आणि दर वर्षी माझं काही ना काही निघायचं. खरं सांगायचं तर महारोगी म्हटलं की माझ्या अंगावर काटा यायचा. रविवारच्या शाळेत मी मुलांना प्रभूनं महारोग्याला हात लावला ती गोष्ट किती तरी वेळा सांगितली असेल. पण सांगणं वेगळं. अखेर चौऱ्याहत्तरच्या नाताळाला मी गेले.

नागपूर स्टेशन ते वाडी

सुमन स्टेशनवर आली होती. वाळली होती, पण आवाज तोच, खणखणीत. आधी तिनं मला पोहे खायला घातले. पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओततात इथं, त्याला तर्री म्हणतात. पोह्यांवर रस्सा! आमच्याकडे कुणी असं केलं तर सून माहेरी पाठवतील. पण खाल्ले, आणि दुसरी बशीही मागितली, हे कबूल करते.

सायकलरिक्षावाला पलीकडे चहा पीत उभा होता. सुमननं हाक मारली तर म्हणाला, “येऊन राहिलो ना बाई.” मी म्हटलं, अरे, येऊन राहिलास तर आता पुन्हा कशाला येतोस? सुमन हसली. म्हणाली, होईल सवय. सवय कसली होतेय! जो तो ‘जेवून राहिलो’, ‘करून राहिलो’. कानाला खडे लागावेत तसं लागायचं. मनातल्या मनात मी लाल शाईनं खाडाखोड करत होते. दोन दिवसांत मी ठरवून टाकलं की ‘राहिलो’ ही या लोकांची उगाच लावायची शेपटी आहे. ‘आलो’ म्हणायचं तर ‘येऊन राहिलो’ म्हणतात, ‘गेलो’ म्हणायचं तर ‘जाऊन राहिलो’. शेपटी कापली की शुद्ध मराठी. कुणाला विचारायची गरज मला वाटली नाही. मराठी मला कोण शिकवणार?

आश्रम वाडीच्या पुढे. वाडीला अमरावती रोडच्या दोन्ही बाजूंना ट्रकच ट्रक उभे, गोदामं, टायरवाले, ड्रायव्हरांच्या चहाच्या टपऱ्या. तिथून डांबरी रस्ता सोडला की एकदम शांत. तुरीची शेतं पिवळी झालेली, बांधाला बोरी. कौलारू बराकी, मधे विहीर, एका टोकाला छोटं देऊळ. आम्ही ख्रिस्ती लोक नगरकडे चर्चला देऊळच म्हणतो. थंडी मात्र अशी की नगरची थंडी तिच्यापुढे काहीच नाही. आणि दुपारी ऊन असं लागतं की स्वेटर काढून ठेवावा.

आश्रमात

सकाळी सुमन पाय धुवायला बसायची. रोगी बाकावर ओळीनं बसलेले, समोर पाण्याची घमेली, त्यांत प्रत्येकाचे पाय. ज्या पायांना काही कळत नाही ते पाय. खिळा रुतला तरी कळत नाही, निखारा लागला तरी कळत नाही. सुमन एकेक पाय मांडीवर घ्यायची, जखम साफ करायची, तेल लावायची, पट्टी बांधायची, आणि तोंडानं त्यांच्या घरच्या चौकशा चालू. मी दारात उभी राहायची, नाकाला पदर लावून. ती एकदा नुसती बघून म्हणाली, आक्का, वास येत असेल तर बाहेर बस, पण पदर काढ. त्यांना दिसतं.

मी नगरहून स्वतःची कपबशी नेली होती. आश्रमाचा स्वयंपाक यमुना नावाची बरी झालेली बाई करायची, तर मी सुमनच्या खोलीत स्टोव्हवर माझा वेगळा भात लावून घ्यायची. पोट नाजूक आहे, असं सांगितलं होतं. 

एका संध्याकाळी मी तिला विचारलं, इतकी वर्षं तू हे करतेस, यांतले प्रभूकडे किती आले? ती पट्ट्या गुंडाळत होती. म्हणाली, “प्रभूनं दहा महारोगी बरे केले, परत आला एकच. म्हणून बाकीच्या नऊ जणांना त्यानं रोग पुन्हा लावला का?” मी माझ्या भाताचा स्टोव्ह पेटवायला उठले.

आता यमुनेविषयी सांगते, कारण पुढचं सगळं तिचंच आहे. तिशीच्या आसपासची, ठसठशीत, हातात हिरव्या बांगड्या. खाप्याच्या कोष्ट्याची सून. पाच वर्षांपूर्वी अंगावर चट्टे उठले तेव्हा घरच्यांनी इथं आणून सोडली. आईबाप आधीच वारलेले. औषधानं ती बरी झाली, आता तिच्यापासून कुणाला काही होणार नाही असं डॉक्टरांनी दसऱ्यालाच सांगितलं. फक्त उजव्या हाताची दोन बोटं आकडली ती तशीच राहिली, आणि हातांना ऊन-गार कळत नाही. डॉक्टरांनी जा म्हटल्याबरोबर तिनं ट्रंक भरली. आणि भरलेली ट्रंक घेऊन ती दसऱ्यापासून इथंच बसली होती.

कारण तिला मूळ आलं नव्हतं. आपल्याकडे माहेरी आलेल्या लेकीला सासरी न्यायला कुणीतरी येतं, बोलावणं येतं, त्याला मूळ म्हणतात. सुमननं तिला किती समजावलं, मी तुला आश्रमाच्या गाडीनं नेऊन पोचवते. ती ऐकेना. तिचं म्हणणं एकच होतं. “आपल्या पायानं गेली तर गाव मले टाकलेली म्हणन, सिस्टरबाई. नवऱ्यानं न्यायले यावं. नाही आला तर समजली मी काय समजायचं थे.”

मला तिचा मुद्दा पटला, हे सांगते. सुमनलाही पटलाच होता. म्हणून ठरलं की नाताळाच्या आधी आम्ही दोघींनी खाप्याला जाऊन तिच्या घरच्यांशी बोलायचं. जायच्या दिवशी एका रोग्याला सणकून ताप भरला. सुमन म्हणाली, आक्का, तू एकटी जातेस का? बोलायला तर तू माझ्यापेक्षा हुशार. फक्त ते काय म्हणतात ते नीट ऐकून ये.

यमुना फाटकापर्यंत आली होती. बस येईपर्यंत नुसती उभी राहिली.

खापा

खापा कन्हान नदीच्या काठचं गाव. बसमधून उतरलं की आधी ऐकू येतात माग. गल्लीगल्लीतून खटक-खटक, खटक-खटक. रस्त्याच्या कडेला लांबच्या लांब सूत ताणून ठेवलेलं, त्याला खळ लावत बायामाणसं मागे-पुढे चालताहेत. उंबरठ्यावर हरभऱ्याचे हिरवे घाटे सोलत बसलेल्या एका बाईला मी नत्थूचं घर विचारलं. तिनं मला खालून वर पाहिलं आणि म्हणाली, “महारोगीणवालं काय?” आणि बोट दाखवलं.

नत्थू म्हणजे यमुनेचा नवरा. खड्ड्यात पाय सोडून मागावर बसला होता, जांभळ्या काठाचं लुगडं विणत. मी कोण ते सांगितल्यावर त्याचा धोटा थांबला, पण तो वर आला नाही. मान खाली घालून बसून राहिला. त्याची आई चरख्यावर सुताच्या कांड्या भरत होती. वाळकी, ताठ, तोंडात तंबाखूची गोळी. सगळं बोलणं तीच करणार हे मला लगेच कळलं.

आधी जेवा म्हणाली. ज्वारीची भाकर आणि पाटवडीचा रस्सा. आम्ही नगरचे लोक तिखट खातो, त्याचा आम्हाला गर्वही आहे. त्या गर्वानं मी मोठा घास घेतला. देवा रे! कानातून वाफा निघाल्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, नाक वाहायला लागलं, आणि पाहुणी म्हणून पाणी मागायची लाज. म्हातारी माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं मी यमुनेसाठी रडतेय. तिचा चेहराच पालटला. गोळी थुंकून आली, जवळ बसली, आणि म्हणाली, “नका रडू वं बाई. आमचाही जीव हाय तिच्यात.” आता तिला रस्सा तिखट होता म्हणून कसं सांगू? मी डोळे पुसले आणि रडते आहे तशीच बसले.

मग मी विषय काढला. यमुना पूर्ण बरी झाली आहे, डॉक्टरांनी सोडलं आहे, ती मुळाची वाट बघते आहे. म्हातारीला ते चमत्कारिक वाटलं. मूळ माहेरी धाडतात, दवाखान्यात कोणी मूळ धाडतं काय? बरी झाली तर दवाखान्यानं सोडावं, तिनं यावं. येत नाही म्हणजे यमुनी आता तिकडचीच झाली, असं गाव म्हणतं. मग तिनं मागाकडे एकदा पाहिलं, हात झटकला आणि म्हणाली:

“लोक म्हणून राहिले, दुसरी कर. सोयरे पोरगी दाखवून राहिले. आमी वाट पाहून राहिलो.”

खड्ड्यात नत्थूचा धोटा पुन्हा खटकायला लागला. बाहेर बसचा भोंगा वाजला, तीच परतीची शेवटची. मी उठले. म्हातारीचं वाक्य बसमध्ये मनात पुन्हा पुन्हा घोळवलं, शेपट्या कापून शुद्ध केलं. लोक म्हणाले, दुसरी कर. सोयऱ्यांनी पोरगी दाखवली. आम्ही वाट पाहिली. म्हणजे पाहिली, आणि संपलं. मला इतका राग आला त्या माणसांचा की वाडी येईपर्यंत मी खिडकीबाहेर नुसतं बघत बसले.

निरोप

यमुना फाटकातच होती. मी तिला आत घेऊन जाऊन, हळूच, पण खरं ते सांगितलं. लोकांनी दुसरी कर म्हटलं, पोरगीही दाखवली, त्यांनी तुझी वाट पाहिली गं, पण...  ती “बरं” म्हणाली. मला चहा करू का म्हणून विचारलं. मी नको म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सुमन पाय धुवायच्या खोलीतून तडक माझ्याकडे आली. यमुनेनं बांगड्या उतरवल्या होत्या. ट्रंकेतली लुगडी दुसऱ्या बायांना वाटून टाकली होती, आणि मला इथंच कायमची ठेवा, असं डॉक्टरांना सांगून आली होती.

सुमन म्हणाली, “आक्का, ती म्हातारी काय म्हणाली? तुझ्या भाषेत नको. तिच्या तोंडचं सांग.”

मी सांगितलं. शेपट्यांसकट.

सुमन कपाळाला हात लावून माझ्या खाटेवर बसली. मग मला तिनं समजावलं, जसं मी पाचवीच्या मुलींना समजावते तसं. इथं ‘म्हणून राहिले’ म्हणजे म्हणताहेत. आत्ता. ‘दाखवून राहिले’ म्हणजे अजून दाखवताहेत. आणि ‘वाट पाहून राहिलो’ म्हणजे वाट बघतोय, बघणं सोडलेलं नाही.

“म्हणजे संपलेलं नाही?” मी विचारलं.

“अगं, चालू आहे सगळं! लोक रोज त्याच्या मागे लागलेत, आणि ती दोघं अजून तिचीच वाट बघताहेत.”

मी चपलासुद्धा घातल्या नाहीत. यमुना चुलीशी होती. माझ्या सगळ्या व्याकरणाला तिथंच मूठमाती दिली आणि म्हातारीचं वाक्य जसंच्या तसं, हात झटकण्यासकट, तिला म्हणून दाखवलं. ती भाकरी थापायची थांबली.

“बुढी अशीच म्हणाली? ‘राहिलो’ म्हणाली?”

“हो गं. मला ते कळलं नाही. मी मूर्ख.”

ती चुलीकडे तोंड फिरवून बसली. खांदे हलत होते. मी जवळ जाऊन उभी राहिले, पाठीवर हात ठेवावा असं मनात आलं, आणि ठेवला नाही. मग ती म्हणाली, “पण थे तिकडून वाट पाहून राहिले, मी इकडून. मंग जाईन कोण?”

पुन्हा खापा

मीच गेले. या खेपेला सुमन येते म्हणत होती, मी नको म्हटलं. घोळ मी घातला, मीच निस्तरीन. बस खच्चून भरलेली, मांडीवर कुणाचं तरी कोंबडं. सगळी वाट मी काय बोलायचं ते ठरवत होते आणि काहीच ठरत नव्हतं.

म्हातारीनं मला दारात पाहिलं आणि तिला धस्स झालं असावं. यमुनी मेली काय, असंच विचारलं तिनं. मी म्हटलं, नाही, धडधाकट आहे, मी बोलावणं घेऊन आले आहे. दवाखान्याचं नव्हे, माहेरचं. सुमन तिची बहीण, म्हणजे मीही तिची बहीण, थोरली. लेक माहेरी बसली आहे, तर तिला न्यायला या, असं सांगायला आले.

म्हातारीनं कांडीवरचं सूत चाचपलं. मग म्हणाली, “तुमी किरिस्ताव, आमी कोष्टी. कायची बहीण?” आणि तिच्या मनात जे कधीपासून होतं ते विचारलं. यमुनेवर पाणी शिंपडलं काय? तिला बाटवलं काय?

मी म्हटलं, नाही. तिनं मागितलं नाही, आम्ही लादलं नाही.

“मंग सारं फुकटच केलं काय? इतक्या वर्षांचं?”

“हो.”

“कायले?”

आता रविवारच्या शाळेत मला हा प्रश्न कुणी विचारला असता तर मी तासभर बोलले असते. इथं मला दोनच वाक्यं आली. मी म्हटलं, देवानं आमच्यावर फुकट माया केली, आम्ही काही चांगले होतो म्हणून नाही. सुमन तीच माया पुढं वाटते.

“सिस्टर वाटते,” म्हातारी म्हणाली. “अन् तुमी? तिच्या हातचं जेवता काय?”

नत्थूचा माग थांबला होता. पहिल्यांदाच त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलता आलं असतं. पण ती बाई माझ्या डोळ्यांत बघत होती, आणि तिलाही तेच भय होतं जे मला होतं, हे मला दिसत होतं.

“अजून नाही जेवले,” मी म्हटलं. “भीती वाटते. आज जाऊन जेवेन. तुम्ही उद्या या, आणि मी कशी आहे ते बघा.”

म्हातारी हसली. दात फारसे नव्हते. म्हणाली, खरं बोलली ही. येतो-नाही येतो असं काही सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी मी आश्रमाच्या स्वयंपाकघरात पाटावर बसले. यमुनेनं हाताला फडकं गुंडाळून तव्यावरची भाकर उचलली आणि माझ्या ताटात टाकली. सोबत जवसाची चटणी, वर कच्चं तेल. पहिला घास घशाखाली उतरेना. प्रभूचं नाव घेतलं आणि उतरवला. दुसरा उतरला. तिसऱ्याला कळलं की भाकर चांगली झाली आहे, पातळ आणि पापुद्रा सुटलेली, माझ्यापेक्षा चांगली. मी आणखी एक मागितली. वेगळ्या भाताचं खरं कारण मी यमुनेला कधी सांगितलं नव्हतं आणि तिनंही विचारलं नव्हतं, पण तिला सगळं ठाऊक होतं. वाढताना ती इतकंच म्हणाली, “पोट नाजूक हाय ना तुमचं. चटणी कमी घ्या.”

नाताळाचा आदला दिवस

सकाळपासून देवळाला आंब्याची पानं आणि रंगीत कागदाच्या पताका लावायचं काम चाललं होतं. यमुना कामात होती, पण फाटकाकडे पाठ करून. बांगड्या तिनं परत घातल्या नव्हत्या. दुपारची बस गेली. कुणी उतरलं नाही. सुमन माझ्याकडे बघायचं टाळत होती. मी पताका लावत होते, त्या सगळ्या वाकड्या लागल्या.

ऊन उतरल्यावर फाटकाशी एक ट्रक थांबला. वाडीच्या कुण्या ड्रायव्हरनं त्यांना वाटेत घेतलं होतं. आधी नत्थू उतरला, धुतलेलं धोतर, डोक्याला नवा रुमाल. मग त्यानं आईला खाली घेतलं. दोघं फाटकाच्या आत दोन पावलं आली आणि थांबली. नत्थूनं यमुनेला पाहिलं, यमुनेनं नत्थूला. पाच वर्षांनी नवरा-बायको भेटत होती. नत्थू म्हणाला, “मूळ घेऊन आलो.” आणि काखेतलं बोचकं पुढं केलं. त्यात जांभळ्या काठाचं लुगडं होतं आणि कागदात बांधलेल्या हिरव्या बांगड्या.

बांगड्या सुमननंच यमुनेला भरल्या, आकडलेल्या बोटांवरून अलगद. यमुना लुगडं बदलून आली. म्हातारी तोवर बाकाच्या अगदी कडेला बसली होती, अंग चोरून, पदर आवळून. चहा दिला तो घेतला नाही. आजूबाजूला पट्ट्या बांधलेले हातपाय, तिची नजर कुठं ठरत नव्हती. सून समोर येऊन पाया पडली, तर तोंडानं आशीर्वाद दिला, हात मात्र मांडीवरच. मला वाटलं, झालं, नेतील घरी आणि ओसरीवर ठेवतील.

निघायची वेळ झाली तेव्हा म्हातारी एकदम सुमनला म्हणाली, “लेक जाऊन राहिली. माहेरचे हा ना तुमी? मंग ओटी भरा.”

सुमननं माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरात आजोबांनी ख्रिस्ती धर्म घेतल्यापासून ओटी भरणं बंद. थोरली म्हणून असल्या गोष्टींत माझा शब्द चालतो, आणि मी कडक आहे.  कोठीत गेले आणि सुपात तांदूळ घेऊन आले. सुमन पट्ट्यांच्या खोलीत गेली ती हातात ट्रे घेऊन आली. गॉजच्या घड्या, पट्ट्यांच्या गुंडाळ्या, खोबरेलाची बाटली, मऊ रबराच्या नव्या चपला, तापलं भांडं धरायला जाड कापडाच्या शिवलेल्या पकडी. आमच्याजवळ दुसरं काय होतं?

यमुनेनं पदर पसरला. मी पहिली ओंजळ घातली, आणि तिच्या त्या दोन बोटांतून पदराचा काठ निसटला. तांदूळ सगळे जमिनीवर. तिनं पुन्हा धरला, पुन्हा निसटला. ती वर बघेना. नत्थू पुढं आला, पण म्हातारीनं त्याला हातानं मागं सारलं. बाकावरून उठली, सुनेच्या शेजारी येऊन उभी राहिली, आणि तिची ती आकडलेली बोटं आपल्या मुठीत घेऊन पदराच्या काठावर मिटवली.

“भरा आता,” ती म्हणाली.

मी तांदूळ घातले. सुमन एकेक वस्तू ठेवत गेली, आणि कुठली कशासाठी, पाय रोज कसे भिजवायचे, चुलीशी हात कसे जपायचे, ते म्हातारीला सांगत गेली. म्हातारी प्रत्येकाला हो म्हणत होती. ओटी पुरती भरली, तिला गाठ मारून झाली, ट्रकवाल्यानं दोनदा भोंगा वाजवला, तरी तिनं यमुनेचा हात सोडला नव्हता.